नोकरी सांभाळून घर लावताना: पहिल्या वर्षाचा क्रम

नव्या घराची किल्ली हातात आली की पहिला रविवार दुकानांत जातो. आमचाही गेला. पुण्यात वाकडला सातव्या मजल्यावरचं ४२० चौरस फुटांचं घर, दोघांच्या नोकऱ्या हिंजवडीत, दोघंही मूळचे साताऱ्याकडचे. त्या एका दिवसात आम्ही सोफा, काचेचा टीपॉय, उभा दिवा आणि सहा शोभेच्या वस्तू घेतल्या. सोफा लिफ्टमध्ये मावला नाही, तो जिन्याने सात मजले चढवावा लागला. टीपॉयच्या काचेवर रोज धूळ दिसायची आणि रोज डोळ्यांत खुपायची. दिवाळीच्या आवराआवरीत शोभेच्या वस्तू माळ्यावर गेल्या.

त्यानंतर सात वर्षं झाली, घर एकदा बदललं. एवढ्या काळात मला पक्कं कळलं ते हे, की घरात येणारी प्रत्येक वस्तू जागा घेते तशी आपली वेळही घेते. ती पुसावी लागते, हलवावी लागते, दुरुस्त करावी लागते, तिला पाणी घालावं लागतं. नोकरी करणाऱ्या माणसाकडे घरासाठी आठवड्याला सात-आठ तास उरतात, प्रवास लांबचा असेल तर त्याहून कमी. म्हणून वस्तू घेताना मी आधी विचारते, ही माझ्याकडून आठवड्याला किती मिनिटं घेणार? पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांनी, मग ते घर भाड्याचं असो की स्वतःचं, हाच प्रश्न मनात ठेवून पुढच्या पायऱ्या चढाव्यात.

पायरी १: पंधरा दिवस नुसतं राहा

गादी, गॅस, चार भांडी, दोन खुर्च्या, बादली. एवढ्यावर पंधरा दिवस निघतात. या काळात स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवा आणि जिथे जिथे अडलं ते त्यावर लिहा. ऑफिसातून आल्यावर बॅग कुठे टेकवली? ओली छत्री कुठे ठेवली? सकाळी डबे भरताना दोघांचे कोपर एकमेकांना लागले का? टॉवेल वाळत कुठे घातले? दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येतं, हे सुट्टीच्या दिवशी बघा आणि वेळेसकट लिहा.

पंधरा दिवसांनी हाच कागद खरेदीची यादी होतो. आमच्या दुसऱ्या घरातल्या कागदावर अकरा गोष्टी निघाल्या. त्यांतल्या दोनच सजावटीच्या म्हणता येतील, बाकी नऊ खुंट्या, फळ्या आणि दिवे होते. पण त्या नऊ झाल्यावर आईने घर पाहिलं आणि म्हणाली, "आता कसं लागल्यासारखं वाटतंय."

भाड्याचं घर असेल तर सामान आत यायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीच्या टवक्यांचे फोटो काढा आणि घरमालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. भिंतीला भोक पाडायची परवानगी आहे का आणि घर सोडताना रंगाचा खर्च कोणाचा, या दोन ओळी त्याच करारात घालून घ्या. तोंडी "करा हो, काही हरकत नाही" म्हटलेलं अकरा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. आमची अनामत रक्कम एकदा या कारणाने कापली गेली आहे.

पायरी २: मापं घ्या, आणि वर्तमानपत्रं अंथरा

लोखंडी टेप घ्या. मुख्य दाराची रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली खोली आणि उंची, जिन्याच्या वळणावरची जागा, ही मापं खोलीच्या मापांच्याही आधी. ती मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दुकानात आयत्या वेळी आठवत नाहीत.

मग जो सोफा किंवा पलंग घ्यायचा आहे, त्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून चाला. चालायला अडीच-तीन फुटांची वाट मोकळी राहते का, कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना बादली अडते का, सगळं कळतं. याला पैसे लागत नाहीत आणि यातूनच सर्वांत मोठी चूक टळते.

पायरी ३: दारापाशी तीन हात जागा

घराची सुरुवात इथून करा, कारण दिवसभराचा थकवा आपण इथेच उतरवतो. लागतं थोडंच: बंद दाराचं अरुंद चपलांचं कपाट, किल्ल्यांना खुंटी, बॅगांना दोन मजबूत हुक, छत्रीला खाली ताटली असलेलं उभं भांडं आणि बसून बूट काढायला स्टूल. रिकामे डबे इथूनच थेट सिंकमध्ये जायला हवेत, म्हणून डब्याची पिशवी बॅगेच्या हुकाला कधीच लटकवायची नाही, हा आमचा नियम. शुक्रवारी लटकलेला डबा सोमवारी उघडावा लागलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको.

सजावट म्हणून इथे एकच गोष्ट ठेवा. आमच्याकडे तांब्याचं छोटं घंगाळ आहे, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेलं. त्या आळीत अजून हाताने ठोकून भांडी घडवतात. दुपारी गेलात तर ठोक्यांचा आवाज लांबून येतो. घंगाळ महिन्यातून एकदा चिंच-मिठाने घासावं लागतं. पाच मिनिटं. एवढी मिनिटं त्याला द्यायला मी खुशीने तयार आहे.

पायरी ४: उजेड

नवीन घरात बिल्डरने प्रत्येक खोलीत छताला एक पांढरा दिवा दिलेला असतो. त्याखाली सगळंच दवाखान्यासारखं दिसतं आणि माणसं घराला दोष देतात. पडदे, गाद्या, भिंतीचा रंग बदलण्याआधी दिवे बदला, फरक त्याच संध्याकाळी दिसेल.

दिव्याच्या खोक्यावर वॉटच्या शेजारी केल्विनचा आकडा असतो, तो वाचायची सवय लावा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, खोक्यावर "कूल डेलाइट" लिहिलेला. स्वयंपाक, अभ्यास आणि दाढी यांना ४००० चांगला. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत ३००० चा एक दिवा वेगळ्या बटणावर हवाच. संध्याकाळी घरी आल्यावर छताचा दिवा बंद आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू, एवढं केलं की ऑफिस संपल्याचं शरीराला कळतं. हे मी कोणाला पटवायला सांगत नाही, आठवडाभर करून बघा.

ओट्यावर आपण छताच्या दिव्याकडे पाठ करून उभे राहतो, त्यामुळे आपलीच सावली विळीवर किंवा चॉपिंग बोर्डवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली एलईडीची पट्टी लावून घ्या. एका तासाचं काम आहे, इलेक्ट्रिशियन असताना पंख्याचंही बघून घ्या. साधा छताचा पंखा ७०-७५ वॉट घेतो, कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागे रोज अर्धं युनिट वाचतं. शिवाय तो रिमोटवर चालतो, म्हणजे रात्री उठावं लागत नाही.

पायरी ५: स्वयंपाकघर

इथे मी सर्वांत जास्त वेळ आणि पैसा घालायला सांगेन. नोकरी आणि घर यांची ओढाताण खरी कुठे होत असेल तर सकाळी सहा ते आठमध्ये, याच खोलीत.

स्वतःचं घर असेल आणि ओटा करून घ्यायचा असेल तर उंची जो रोज उभा राहणार त्याच्या कोपरावरून ठरवा. कोपरापासून साधारण चार इंच खाली ओट्याची कड यावी. आमच्याकडे मी पाच फूट एक इंच आणि नवरा पाच फूट नऊ. सकाळची पोळी-भाजी तो करतो, म्हणून ओटा त्याच्या उंचीचा केला आणि मी पोळ्या लाटते तेव्हा बुटका पाट घेते. सुतार दोनदा विचारून गेला की नक्की कोणाचं माप घेऊ.

कपाटांचं लाकूड हा पुढचा मुद्दा, आणि यात नवख्यांची फसगत होते. प्लायवुडवर छापलेला आयएस क्रमांक स्वतः वाचा. ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक आहे, ७१० हा मरीन प्लायचा. सिंकखालच्या आणि ओट्याखालच्या कपाटांना ७१० घ्या, झोपायच्या खोलीतल्या कपाटांना ३०३ पुरतो. स्वस्त तयार कपाटं भुशाच्या दाबलेल्या पाटीची असतात, त्यांना पुण्याच्या पावसाळ्यात कडांना पाणी लागलं की ती फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. पहिल्या घरी आम्हाला एकाने प्लाय सांगून हीच पाटी बसवली होती, सिंकखालचं दार दुसऱ्याच श्रावणात निखळलं. म्हणून आता माल घरी आल्यावर सनमायका चिकटवायच्या आधी शिक्का बघते, फोटो काढते, मग काम सुरू.

वस्तू लावताना एक नियम: रोज लागणारं कंबर ते डोळे या उंचीत. मिसळणाचा डबा, तेल, मीठ, चहा-साखर आणि कुकर यांच्यासाठी वाकावं किंवा टाचा उंचवाव्या लागू नयेत. आठवड्यातून एकदा लागणारं खाली, सणाला लागणारी मोठी पातेली आणि पुरणयंत्र माळ्यावर. उघड्या फळ्या चित्रात सुंदर दिसतात, पण फोडणीचा तेलकट धूर त्यांवर बसतो आणि त्यावर धूळ. आठवड्याची चाळीस मिनिटं गेली समजा. दारं असलेली कपाटंच करा, मांडणी हवीच असेल तर गॅसपासून लांबच्या भिंतीला.

डबे, चाळण्या, किसण्या, हुक, स्टँड यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, भांडी आणि पूजेच्या साहित्यासाठी तुळशीबाग. दोन्हींकडे सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आठवड्यातला एखादा दिवस अर्धी रजा काढून सकाळी जा, तेवढ्या वेळात यादी पूर्ण होते. यादीबाहेरचं काही घ्यायचं नाही असं आधीच ठरवून जा, तुळशीबागेत ते अवघड जातं.

आता रविवारचा दीड तास. हा स्वयंपाकघराच्या सजावटीइतकाच महत्त्वाचा आहे. दाण्याचं कूट, आठवड्याचा सोललेला लसूण, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा, मंगळवारच्या डब्याची उसळ तयार. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की एकेक वडी काढून आमटी होते. कणीक मात्र मी आधल्या रात्रीच मळते, जास्त दिवसांची काळी पडते. रविवारी केलेल्या कामाच्या जोरावर सकाळची पाऊण तासाची धावपळ पंचवीस मिनिटांवर येते.

पायरी ६: भिंती

भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते ओळखा. बोटाने ठोका. नव्या इमारतींत काही भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात, मायव्हन नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या. त्यांना साधं ड्रिल पुरत नाही, हॅमर ड्रिल लागतं. काही भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यांत ड्रिल लोण्यासारखं जातं आणि तसाच खिळाही निघून येतो. त्यांना या ब्लॉकसाठी मिळणारे खास लांब प्लग वापरा. विटांच्या भिंतीला नेहमीचे चालतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला कधीही भोक पाडू नका, आतून वायरचे पाइप गेलेले असतात. बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे.

चित्र बहुतेक घरांत फार वर टांगलेलं असतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर येऊ द्या, सोफ्यावर बसून बघायचं असेल तर आणखी थोडं खाली. एका खोलीत एकच भिंत सजवा, बाकीच्या मोकळ्या ठेवा. मोकळी भिंत पुसावी लागत नाही.

आमच्या त्या एका भिंतीवर वारली चित्र आहे. वारली कला पालघरच्या डहाणू-तलासरी भागातली. कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नात चौक, म्हणजे चौकोनी मंगलचित्र, लिहायची ती रीत, आणि तो सवाष्णी लिहितात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. छापील वारली नक्षीच्या उशा कुठेही मिळतात. त्या पैशात एका वारली चित्रकाराने हाताने काढलेलं लहानसं चित्र येतं, आणि ते काढणाऱ्याच्या घरी पैसे जातात. मी तेच घ्या म्हणेन, भले वर्षभर थांबावं लागलं तरी.

पायरी ७: कापड आणि झाडं

पडदे तयार घेतले तर लांबी पाच, सात आणि नऊ फुटांत मिळते: खिडकी, दार आणि उंच दार. नळी खिडकीच्या कडेपेक्षा पाच-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर लावा, खिडकी मोठी वाटते आणि उजेड अडत नाही. कापडाची एकूण रुंदी नळीच्या दुप्पट हवी, नाहीतर चुण्या पडत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावा, एप्रिल-मेमध्ये उपकार वाटतील. सोफ्यावर सोलापुरी चादर टाका: जाड सुताची, रंग गडद, डाग दिसत नाही, घरच्या मशीनमध्ये धुता येते. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दोन ठेवा.

झाडं तीनपासून सुरू करा. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट घरात, कढीपत्ता बाल्कनीत. स्नेक प्लांटला आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ झालं. तुळशीला रोज चार-पाच तास ऊन लागतं, तेवढं येत नसेल तर ती खंगते आणि आपल्याला उगाच अपराधी वाटतं. ऊन कुठे येतं ते पहिल्या पायरीच्या कागदावर लिहिलेलं असेलच.

पायरी ८: घरून काम करायची जागा, आणि तिचं दार

आठवड्यातून दोन दिवस जरी घरून काम असलं तरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पसरू नका. तीन फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल टेबल पुरतं, उंची २८ ते ३० इंच. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी म्हणून लॅपटॉपखाली स्टँड आणि वेगळा कीबोर्ड. खिडकी बाजूला येऊ द्या: समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर कॉलवर चेहरा काळा दिसतो.

वेगळी खोली नसेल तर हे टेबल दार लागणाऱ्या कपाटातच करून घ्या. आमचं तसंच आहे. सात वाजले की दार बंद. आत कागद पसरलेले असले तरी चालतात, दिसत नाहीत. झोपायच्या खोलीत उघडं टेबल असताना मी रात्री अकराला उठून मेल बघायचे. दार लावल्यापासून ते थांबलं.

पायरी ९: आठवड्याची घडी

रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, दोघांनी एकाच वेळी. ओटा रिकामा, सिंक रिकामं, दारापाशी उद्याच्या बॅगा. बस्स. शनिवारी सकाळी दोन तास झाडलोट आणि कपडे, रविवारी दीड तास स्वयंपाकघर. महिन्यातला एकच रविवार घराच्या नव्या कामाला द्या, मग ती फळी असो की पडदा. बाकीचे रविवार त्या दीड तासानंतर मोकळे.

कामं वाटताना पूर्ण वाटा. "कपडे" म्हणजे मशीनमध्ये घालण्यापासून घडी करून कपाटात जाईपर्यंत एकाच माणसाकडे. "भाजी" म्हणजे फ्रीजमध्ये काय संपलंय हे लक्षात ठेवण्यापासून. एकाने फक्त सांगितलं तेवढं करायचं आणि लक्षात ठेवायचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर, असं झालं की दोघंही चिडतात. आमच्याकडे कपडे आणि बाथरूम नवऱ्याकडे, किराणा आणि बिलं माझ्याकडे. कामाला मावशी येत असतील तर त्यांची वेळ, आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस पहिल्याच दिवशी बोलून ठरवा. त्यांच्या वस्तूंना जागा द्या, डोक्याच्या उंचीवर झाडू-पोछ्याची खुंटी करा. त्यांचंही कंबरडं दुखतं.

पायरी १०: पावसाळा आणि गणपती

रंगाचं काम दसऱ्यानंतर काढा. पावसात पुट्टी वाळत नाही आणि ओल आत कोंडून राहिली की महिन्याभरात पापुद्रे सुटतात. जूनच्या आधी कपाटं बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, मागे हवा खेळली की बुरशी धरत नाही. लोकरीचे कपडे आणि जास्तीच्या चादरी उन्हात घालून बांधून ठेवायच्या त्याही तेव्हाच.

आणि फर्निचर ठरवतानाच हॉलमध्ये गणपतीची जागा सोडा. दोन बाय दोन फुटांचा चौरंग, त्यापुढे आरतीला उभं राहायला चार हात मोकळी जमीन. वर्षभर तिथे हलवता येईल अशीच वस्तू ठेवा, आमची वाचायची खुर्ची असते. जागेजवळ प्लग पॉइंट हवा, म्हणजे दिव्यांच्या माळेसाठी वायर वाटेतून न्यावी लागत नाही. समई आणि निरांजन पडद्यापासून निदान तीन हात लांब राहतील एवढं माप त्याच दिवशी टेपने घेऊन ठेवा.